ऑझी न्यूसम: पस्तिशीत पुन्हा पहिल्या पायरीवर

तुमचा भाचा न्यू जर्सीत वाढला, कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळतो, आता तिसऱ्या वर्षाला आहे. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, आपली निवड होणार नाही हे त्याचं त्यालाच उमगलंय. तरी खेळ सुटत नाही, म्हणून त्याला संघाच्या ऑफिसात जायचंय, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्या, निवडणाऱ्या आणि करार करणाऱ्या बाजूला. घरच्यांना हे खूळ वाटतं. ‘कॉलेजात खेळलेला माणूस खरंच संघाचा जनरल मॅनेजर होतो का, आणि होतो तर कोणत्या वाटेने?’ असा तुमचा प्रश्न आहे.

मी गेली सतरा वर्षं इथे कॉलेज फुटबॉलमध्ये खेळाडूंची पाहणी करण्याचं काम करतोय. शाळांच्या मैदानांवर जायचं, सामन्यांची फिल्म बघायची, रिपोर्ट लिहायचे, हा माझा रोजचा धंदा. त्यामुळे उत्तर जरा लांबेल. थोडक्यात विचाराल तर, होतो. मात्र मैदानावरची पुण्याई त्याला दारापर्यंत नेते, आत गेल्यावर ती कोणी विचारत नाही. हे समजून घ्यायला, आधी खेळाडू आणि मग बाल्टिमोर रेव्हन्स संघाचा जनरल मॅनेजर झालेल्या ऑझी न्यूसमइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

न्यूसम अलाबामा राज्यातल्या लेटन नावाच्या छोट्या गावात वाढला. १९७४ साली तो अलाबामा विद्यापीठात बेअर ब्रायंट या दिग्गज प्रशिक्षकाच्या हाताखाली आला. त्या विद्यापीठाच्या संघातून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरला त्याला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. चार वर्षांत संघाने ४२ सामने जिंकले आणि ६ हरले. न्यूसम रिसीव्हर होता, म्हणजे चेंडू झेलणारा. पण ब्रायंटचा संघ बहुतेक वेळा चेंडू घेऊन पळायचा, फेकायचा कमी. चार वर्षांत न्यूसमच्या वाट्याला फक्त १०२ झेल आले. त्यातून त्याने २,०७० यार्ड काढले, म्हणजे एका झेलामागे वीसहून जास्त. उरलेल्या वेळात तो काय करत होता? दुसऱ्याला पळायला वाट मिळावी म्हणून समोरच्याला अडवत होता. भाच्याला हे मुद्दाम सांगा. ज्याने आपल्याकडे चेंडू येणार नाही हे ठाऊक असूनही प्रत्येक खेळीत अंग झोकून दिलं, त्याला पुढे दुसऱ्याच्या फिल्ममध्ये तोच गुण चटकन दिसतो.

१९७८च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातले खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, क्लीव्हलंड ब्राऊन्स संघाने त्याला पहिल्या फेरीत, २३व्या क्रमांकावर घेतलं. प्रशिक्षक सॅम रुटिग्लियानो यांनी त्याची जागा बदलली आणि त्याला टाइट एंड केलं. हा खेळाडू लाइनच्या टोकाला उभा राहतो, धडकही घेतो आणि झेलही घेतो. न्यूसम तेरा हंगाम खेळला, सलग १९८ सामने, एकही न चुकवता. त्याचे ६६२ झेल हा तेव्हा टाइट एंडचा विक्रम होता. सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, मात्र त्याला एकदाही खेळायला मिळाला नाही. ४ जानेवारी १९८१ला क्लीव्हलंडच्या कडाक्याच्या थंडीत ब्राऊन्स ओकलंडविरुद्ध १४–१२ने मागे होते, मिनिटभराचा खेळ उरला होता. साधी किक मारूनही सामना जिंकता आला असता. त्याऐवजी न्यूसमकडे पास फेकला गेला आणि ओकलंडच्या माइक डेव्हिसने तो मधल्या मधे पकडला. पुढे १९८६, १९८७ आणि १९८९च्या हंगामांत सुपर बोलच्या उंबरठ्यावर तीनदा डेन्व्हरने त्यांना हरवलं. क्लीव्हलंडमध्ये आजही या सामन्यांची आठवण काढली की म्हातारी माणसं मान खाली घालतात.

१९९० संपताना तो निवृत्त झाला. असा खेळाडू साधारण काय करतो? टीव्हीवर समालोचन, गाड्यांच्या शोरूमची जाहिरात, नाहीतर थेट प्रशिक्षकपद. न्यूसमने मालक आर्ट मॉडेल यांच्या ऑफिसात स्काउटचं, म्हणजे खेळाडू हेरण्याचं, काम घेतलं. शहरात ज्याच्या नावाचा जयजयकार व्हायचा, तो पस्तिशीत विमानतळ, भाड्याची गाडी आणि कॉलेजांच्या अंधाऱ्या फिल्मच्या खोल्या अशा आयुष्याला लागला. त्याच सुमारास बिल बेलिचिक तिथे मुख्य प्रशिक्षक म्हणून आले. खेळाडूला गुण कसे द्यायचे, प्रत्येक जागेसाठी कोणती उंची, किती वजन, किती वेग लागतो, रिपोर्टमध्ये कुठला शब्द कुठल्या अर्थाने वापरायचा, याची काटेकोर पद्धत त्यांनी बसवली. न्यूसम ती शिकला. १९९३ला बढती, १९९४ला व्यावसायिक खेळाडूंच्या विभागाचा प्रमुख. म्हणजे तेरा वर्षं मैदानावर आणि वर पाच वर्षं शिकाऊ उमेदवारीसारखी. ही पाच वर्षं लोक विसरतात.

मग मॉडेल यांनी नोव्हेंबर १९९५मध्ये संघ बाल्टिमोरला हलवत असल्याचं जाहीर केलं. क्लीव्हलंड पेटून उठलं. संघाचं नाव, रंग, इतिहास, सगळं शहराने कायद्याने मागे ठेवून घेतलं. बाल्टिमोरला गेली ती माणसं आणि करार. न्यूसमला त्या गावाने डोक्यावर घेतलं होतं आणि त्याच गावाच्या नजरेसमोरून त्याला जायचं होतं. नव्या रेव्हन्स संघात खेळाडूंचा सगळा विभाग त्याच्या हाती आला. काही महिन्यांत पहिला ड्राफ्ट.

आपल्याकडे आयपीएलचा लिलाव सगळ्यांना माहीत असतो, म्हणून फरक सांगतो. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. आदल्या वर्षी सगळ्यात खराब खेळलेला संघ आधी निवडतो, विजेता शेवटी. सात फेऱ्या होतात, साधारण २६० मुलं निवडली जातात. पैसा ओतून कोणी पुढे जाऊ शकत नाही. आपली पाळी दुसऱ्याशी अदलाबदल करता येते, इतकंच. त्यामुळे खरी मेहनत आधीच्या वर्षभरात होते. स्काउट रिपोर्ट लिहितात, भांडतात, पुन्हा फिल्म बघतात आणि शेवटी प्रत्येक मुलाला एक गुण ठरतो. त्या गुणांच्या उतरत्या क्रमाने नावं भिंतीवर लागतात. त्याला आम्ही ‘बोर्ड’ म्हणतो.

बोर्ड लावणं अवघड आहेच. त्याहून अवघड आहे ड्राफ्टच्या दिवशी तो पाळणं. घड्याळ चालू असतं, मालक मागे उभा असतो, प्रशिक्षकाला आत्ताच्या आत्ता अमुक जागेचा खेळाडू हवा असतो, बाहेर चाहते ओरडत असतात. शांत डोक्याने महिनोन्महिने केलेलं काम त्या दहा मिनिटांत वाऱ्यावर सोडायचा मोह होतो. न्यूसमचं मोठेपण मला इथे दिसतं. बोर्ड जे सांगतो ते तो बहुतेक वेळा करत गेला.

२० एप्रिल १९९६. रेव्हन्सची पाळी चौथी. मॉडेल यांचा कल नेब्रास्काच्या लॉरेन्स फिलिप्सकडे होता. तो जोरकस धावणारा होता, पण मैदानाबाहेरच्या एका गंभीर मारहाण प्रकरणाचा डाग त्याच्यावर होता. बोर्डावर त्या घडीला सगळ्यात वर नाव होतं यूसीएलएच्या जोनाथन ऑग्डनचं. ऑग्डन लेफ्ट टॅकल, म्हणजे लाइनच्या डाव्या बाजूला समोरच्याला अडवणारा, आणि त्या जागेवर संघाकडे चांगला खेळाडू आधीच होता. म्हणजे गरज नाही, मालकाची इच्छा नाही, आणि न्यूसमचा या खुर्चीतला हा पहिलाच दिवस. त्याने ऑग्डनला घेतलं. पहिलं वर्ष त्याला शेजारच्या गार्डच्या जागेवर खेळवलं. मालक नाराज झाले असतील, तरी त्यांनी निर्णय मानला, याचं श्रेय त्यांनाही द्यायला हवं. त्याच फेरीत २६व्या क्रमांकावर मायामीचा लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या मधल्या फळीतला, रे लुईस मिळाला. ही पाळी संघाला आदल्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोशी केलेल्या अदलाबदलीतून मिळाली होती. ऑग्डन आणि लुईस दोघेही पात्र झाल्या झाल्या, पहिल्याच वर्षी हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या सन्मान यादीत, गेले. एका माणसाच्या पहिल्याच ड्राफ्टच्या पहिल्याच फेरीत असं घडलेलं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

म्हणून संघ लगेच जिंकायला लागला असं नाही. त्या वर्षी ४ विजय, १२ पराभव. फळ यायला पाच हंगाम लागले. २०००च्या हंगामात रेव्हन्सच्या बचावफळीने १६ सामन्यांत फक्त १६५ गुण दिले, आणि १६ सामन्यांच्या हंगामासाठी तो विक्रम ठरला. २८ जानेवारी २००१ला टॅम्पामध्ये त्यांनी न्यूयॉर्क जायंट्सना ३४–७ने हरवून सुपर बोल जिंकला. खेळाडू म्हणून जे तेरा वर्षांत मिळालं नाही ते खुर्चीवर बसून मिळालं. त्या संघात न्यूसमने आणलेला शॅनन शार्प होता. तोही टाइट एंड. पुढच्याच हंगामात, रेव्हन्सच्याच जर्सीत, शार्पने न्यूसमचा ६६२ झेलांचा विक्रम मोडला. आपला विक्रम मोडू शकेल असा माणूस स्वतः करार करून आणणं, ही गोष्ट मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो.

आता पैशाचं. भाच्याला फिल्म बघायला आवडत असेल, पण आकडेमोडीचा कंटाळा असेल तर अडचण आहे. १९९४पासून एनएफएलमध्ये पगारांवर मर्यादा आली, तिला सॅलरी कॅप म्हणतात. पहिल्या वर्षी ती संघामागे ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, पुढे कितीतरी पट वाढली. मर्यादा सगळ्यांना सारखी. जिंकलेला संघ तसाच टिकवायचा म्हणून रेव्हन्सने २००१मध्ये करारांचा बोजा पुढे ढकलला आणि २००२मध्ये तो अंगावर आला. शार्प गेला, रॉड वूडसन गेला, अर्धा संघ मोकळा करावा लागला. त्या वर्षी ७ विजय, ९ पराभव. आणि त्याच पडझडीच्या वर्षी २४व्या क्रमांकावर एड रीड मिळाला, जो पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. कोणीच न निवडलेला बार्ट स्कॉट करारावर घेतला, तो पुढे खंदा लाइनबॅकर झाला. त्याच नोव्हेंबरमध्ये न्यूसमला अधिकृतपणे जनरल मॅनेजर केलं गेलं. एनएफएलच्या इतिहासातला हा पहिला कृष्णवर्णीय जनरल मॅनेजर. काम तो आधीपासून करतच होता, पाटी २००२ला लागली.

त्या अनुभवानंतर रेव्हन्स एक गोष्ट फार शिस्तीने करू लागले. आपला चांगला खेळाडू दुसऱ्या संघाने जास्त पैसे देऊन नेला तर लीग पुढच्या ड्राफ्टमध्ये भरपाई म्हणून जादा पाळी देते. बहुतेक संघ गेलेल्यासाठी हळहळतात. न्यूसमने ठरवून महागडे करार सोडले, पाळ्या गोळा केल्या आणि त्यातून स्वस्त, तरणी मुलं आणली. ही भरपाई सुरू झाल्यापासून सगळ्यात जास्त फायदा घेणाऱ्या संघांत रेव्हन्सचं नाव पहिल्याने येतं.

त्याच्या चुकाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर हे उत्तर आरतीसारखं होईल आणि भाच्याला काही उपयोग होणार नाही. २००३चा ड्राफ्ट मी शिकवताना नेहमी घेतो, कारण त्यात दोन्ही बाजू एका दिवसात आहेत. संघाला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, हवा होता. पाळी दहावी. सातव्या पाळीवरच्या मिनेसोटाशी अदलाबदल करून बायरन लेफ्टविचला घ्यायचं जवळजवळ ठरलं. पण अदलाबदल लीगकडे वेळेत नोंदली गेली नाही, घड्याळ संपलं, पाळीत मागे असलेल्या जॅक्सनव्हिलने झडप घालून लेफ्टविचला नेलं. रेव्हन्स हात चोळत दहाव्या क्रमांकावर आले आणि बोर्डावर वर असलेल्या टेरेल सग्जला घेतलं. सग्ज पुढे १६ हंगाम रेव्हन्सकडून खेळला आणि २०११ला लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. इतकं चांगलं घडूनही क्वार्टरबॅकची टोचणी गेली नाही. त्याच संध्याकाळी पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची पाळी न्यू इंग्लंडला देऊन त्यांनी १९व्या क्रमांकावर काइल बोलरला घेतलं. बोलर कधी जमला नाही. दिलेल्या पाळीवर न्यू इंग्लंडने विन्स विलफोर्कला घेतलं, आणि तो त्यांच्या बचावाचा कणा झाला. एकाच दिवशी बोर्डाचं ऐकून सग्ज मिळाला आणि गरजेमागे धावून बोलर.

२०१३मध्येही तसंच. ३ फेब्रुवारीला न्यू ऑर्लिन्समध्ये सॅन फ्रान्सिस्कोला ३४–३१ने हरवून दुसरा सुपर बोल जिंकला. महिनाभरात क्वार्टरबॅक जो फ्लॅकोला सहा वर्षांसाठी १२ कोटी ६ लाख डॉलरचा करार दिला. मग कॅपमध्ये जागा हवी म्हणून त्या अंतिम सामन्यात १०४ यार्ड काढणाऱ्या अँक्वान बोल्डिनला सहाव्या फेरीच्या एका पाळीवर सोडून दिलं, तेही हरवलेल्या सॅन फ्रान्सिस्कोलाच. पुढच्या हंगामात रेव्हन्स ८–८ राहिले, प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, मुकले. माझ्या मते ती हिशेबाची चूक होती. शिस्त अति झाली की तीही बुडवते.

आणि २०१४. रे राइस हा संघाचा लाडका धावपटू. फेब्रुवारीत त्याने आपल्या होणाऱ्या बायकोला मारलं. संघ त्याच्या पाठीशी उभा राहिला, लीगने दोन सामन्यांची बंदी घातली. ८ सप्टेंबरला लिफ्टमधल्या मारहाणीची चित्रफीत बाहेर आली आणि त्याच दिवशी त्याला काढलं. राइस आपल्याशी खोटं बोलला नव्हता, असं न्यूसमने नंतर सांगितलं. म्हणजे चित्रफीत दिसण्याआधीच निर्णय घेता आला असता. मला न्यूसमबद्दल फार आदर आहे, म्हणूनच हे लिहिताना वाईट वाटतं. भाच्याने या खुर्चीची स्वप्नं बघावीत, पण तिथे बसलं की असे प्रश्न दारात येतात आणि त्यांचं उत्तर कुठल्याही बोर्डावर लिहिलेलं नसतं.

शेवटचा ड्राफ्ट २०१८चा. पहिल्या फेरीत ते दोनदा मागे सरकले, २५व्या क्रमांकावर एक टाइट एंड घेतला, आणि रात्री उशिरा फिलाडेल्फियाशी अदलाबदल करून ३२वी, म्हणजे फेरीतली शेवटची पाळी मिळवली. लामार जॅक्सन अजून शिल्लक होता. त्याच्याआधी चार क्वार्टरबॅक गेले होते. काही जाणकार म्हणत होते, या मुलाने क्वार्टरबॅक न राहता रिसीव्हर व्हावं. न्यूसमने त्याला क्वार्टरबॅक म्हणूनच घेतलं. स्वतःची जागा बदलून मोठा झालेला माणूस, पण दुसऱ्याची जागा बदलायची घाई त्याने केली नाही. जॅक्सन २०१९ आणि २०२३ला लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तिसऱ्या फेरीत त्याच ड्राफ्टमधून ऑर्लंडो ब्राऊन ज्युनियर आणि मार्क अँड्र्यूजही आले. मग न्यूसमने खुर्ची एरिक डीकोस्टाकडे दिली. डीकोस्टा १९९६ला अगदी खालच्या पगारावर आलेला पोरगा. रेव्हन्समध्ये अशा मुलांना विमानतळावरून खेळाडू आणण्यापासून फिल्म कापण्यापर्यंत सगळं करावं लागे. न्यूसम मीटिंगमध्ये त्यांनाही बोलायला लावायचा आणि स्वतः शेवटी बोलायचा. तिथूनच फिल सॅव्हेज, जो डग्लस यांच्यासारखे इतर संघांचे जनरल मॅनेजरही तयार झाले.

भाच्याकडे येतो. एनएफएलमध्ये त्याला न्यूसमसारखा ओळखीचा मालक भेटणार नाही, म्हणून त्याची वाट डीकोस्टाची. पायऱ्या साधारण ठरलेल्या आहेत: इंटर्न, स्काउटिंग असिस्टंट, मग एखाद्या भागाचा स्काउट, मग देशभर फिरणारा, मग संचालक. एका पायरीवर तीन-चार वर्षं सहज जातात, पगार सुरुवातीला तुटपुंजा असतो, हंगामात घर दिसत नाही. व्हिसाचा प्रश्न त्याला नाही, ही मोठी गोष्ट आहे.

आता एक नवं दारही उघडलंय. जुलै २०२५पासून कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, खेळाडू कॉलेजही बदलतात. त्यामुळे मोठ्या कॉलेजांच्या संघांनाच आता जनरल मॅनेजर लागतो. स्टॅनफर्डने नोव्हेंबर २०२४ला आपला जुना क्वार्टरबॅक अँड्र्यू लक याला त्या पदावर नेमलं. या ऑफिसांत हाताखाली काम करणारी मुलं हवीच आहेत, आणि ज्या कॉलेजात तो आज खेळतोय तिथलंच दार त्याला सगळ्यात जवळचं. मी असतो तर या उन्हाळ्यातच तिथल्या खेळाडू विभागात जाऊन ‘फिल्म कापायला माणूस हवा का?’ असं विचारलं असतं.

आणि रिपोर्ट लिहायला आजपासून सुरुवात करू दे. माझ्या दुसऱ्या वर्षी मी एका रिसीव्हरला ४० यार्ड पळण्याची वेळ मंद आली म्हणून खाली ढकललं होतं. चार सामन्यांची फिल्म नीट बघितली असती तर दिसलं असतं की झेलाच्या क्षणी तो बचावपटूपासून नेहमी दोन पावलं सुटलेला असतो. ती वही मी अजून ठेवली आहे. भाच्याने आपल्या कॉन्फरन्समधले, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटातले, वीस खेळाडू घ्यावेत, आपल्या संघातला एकही नको. प्रत्येकाचे निदान तीन सामने बघून एक पान लिहावं: काय जमतं, काय जमत नाही, कुठल्या फेरीत घ्याल आणि का. मग त्यांना क्रम लावावा, तारीख घालावी आणि पुढे एका अक्षरालाही हात लावू नये. ती पानं जानेवारीपर्यंत तयार झाली तर मला पाठवा. एप्रिलमधल्या ड्राफ्टआधी मी ती सगळी वाचेन आणि ड्राफ्ट झाल्यावर आपण दोघं बसून ती पुन्हा एकदा वाचू.